जड पाण्यात ई. कोलाय: आधी सवय लावायची की थेट टाकायचे?

प्रथिन तीस किलोडाल्टनच्या पुढचं आहे, एनएमआरच्या (अणुकेंद्रांचे सिग्नल चुंबकात मोजण्याच्या तंत्राच्या) रेषा पसरट येताहेत आणि गाईड "ड्युटेरेट करून बघ" एवढंच सांगून मीटिंगला निघून गेले आहेत. म्हणजे प्रथिनातल्या हायड्रोजनच्या जागी त्याचं जड भावंड ड्युटेरियम बसवायचं, आणि त्यासाठी जीवाणू जड पाण्यात (ज्यात हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असतं) वाढवायचे. आता प्रश्न तुमचा. बीएल-२१ पेशींना (प्रथिन बनवून घ्यायला वापरतात तो ई. कोलाय जीवाणूचा वाण) जड पाण्याची टप्प्याटप्प्याने सवय लावण्यात आठवडा-दोन आठवडे घालवायचे, की एलबीत (आयत्या अन्नाच्या माध्यमात) वाढवलेल्या पेशी सरळ जड पाण्यातल्या एम-९ मध्ये (क्षार आणि ग्लुकोजच्या साध्या माध्यमात) टाकायच्या?

आधी एक गोष्ट बाजूला काढू. तुम्हाला फक्त नायट्रोजन-१५ किंवा कार्बन-१३ हवा असेल, तर सवय लावायचं नावही घेऊ नका. या समस्थानिकांचा जीवाणूंना काही त्रास होत नाही. साध्या पाण्यातलं एम-९, लिटरला १ ग्रॅम नायट्रोजन-१५ अमोनियम क्लोराइड, २ ते ४ ग्रॅम कार्बन-१३ ग्लुकोज, आणि रात्रभराचं स्टार्टर कल्चर शक्यतो एम-९ मध्येच. झालं.

ड्युटेरियमचं तसं नाही. ते हायड्रोजनच्या दुप्पट जड. कार्बन-ड्युटेरियम बंध तुटायला कार्बन-हायड्रोजनपेक्षा बराच जास्त वेळ लागतो आणि पेशीतल्या असंख्य अभिक्रिया अशाच बंधांवर चालतात. सगळं यंत्रच संथ होतं. एलबीत ३७ अंशांवर वीस-तीस मिनिटांत दुप्पट होणारं कल्चर साध्या एम-९ मध्ये तास-दीड तास घेतं आणि पूर्ण जड पाण्यात त्याच्याही कितीतरी पट. नवखा विद्यार्थी दर अर्ध्या तासाला ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे पेशींची वाढ) बघतो आणि पेशी मेल्या असं समजून फ्लास्क ओतून टाकतो. त्या बहुतेक वेळा मेलेल्या नसतात.

पहिला मार्ग पायऱ्यांचा. ताजं ट्रान्सफॉर्मेशन (तुमच्या प्रथिनाचं जनुक नुकतंच घातलेल्या पेशी) घ्यायचं, कॉलनी साध्या एम-९ अगारवर, मग ३०, ६० आणि शेवटी जवळपास १०० टक्के जड पाण्याच्या प्लेटवर उतरवायची. प्रत्येक प्लेटला दोन-तीन दिवस द्यायचे. शेवटच्या प्लेटवरची कॉलनी द्रव माध्यमात वाढवून तिचा ग्लिसरॉल स्टॉक उणे ८० ला ठेवायचा. जमलं तर वाढ भरवशाची होते आणि सहा महिन्यांनी तोच नमुना पुन्हा करता येतो.

पण या मार्गात एक खोच आहे. तुम्ही निवडता "जड पाण्यात चांगलं वाढणारी" कॉलनी. तुम्हाला हवी असते "जड पाण्यात तुमचं प्रथिन बनवणारी" कॉलनी. या दोन्ही एकच असतील असं नाही. परकं प्रथिन बनवणं पेशीला ओझंच असतं. टी-७ प्रमोटर (जनुक चालू करणारा स्विच) थोडाफार गळत असेल आणि प्रथिन किंचित विषारी असेल, तर ते बनवणं सोडून दिलेल्या पेशी शर्यत जिंकतात. प्लेटवर गुबगुबीत कॉलनी आणि जेलवर पट्टा गायब, हे दृश्य बघायचं नसेल तर प्रत्येक पायरीवर चार-पाच कॉलन्या घ्या आणि ५ मिलिलिटरमध्ये इंड्यूस करून (प्रथिन बनवणं सुरू करून) बघा. दुसरं असं की, या सवयीचा बराच भाग जनुकांतला बदल नसून पेशीने स्वतःची घडी बदललेली असते. तो स्टॉक काढून साध्या एलबीत एक रात्र वाढवला, तर आठवड्याची मेहनत शब्दशः पाण्यात जाऊ शकते.

दुसरा मार्ग थेट टाकण्याचा. २००१ मध्ये मार्ली आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत बहुतेक लॅबना माहीत असते: स्वस्त एलबीत पेशी वाढवायच्या, सेंट्रिफ्यूज करून पेलेट धुवायचं, मूळच्या चौथ्या हिश्श्याइतक्या लेबल केलेल्या एम-९ मध्ये घोळायचं, तासभर सावरू द्यायचं आणि मग इंड्यूस करायचं. यात युक्ती अशी की पेशींचं शरीर स्वस्तात बांधून होतं आणि महागड्या माध्यमात फक्त प्रथिन बनतं. ४ लिटरचं काम १ लिटर जड पाण्यात निभतं. तोटे दोन. पेशीत आधीच साठलेली साधी अमिनो आम्लं प्रथिनात शिरतात, आणि प्रमोटर गळका असेल तर बदलाआधी बनलेलं साधं प्रथिन शेवटच्या नमुन्यात मिसळतं. तासभर पुरेल असंही नाही. जड पाण्यात जास्त थांबावं लागतं आणि इंडक्शन रात्रभर चालू ठेवावं लागतं.

या दोघांच्या मधला एक रस्ता मला सर्वांत व्यवहारी वाटतो: साध्या एलबीतून जड पाण्यात कालवलेल्या एलबीत काही तास, मग पूर्ण जड पाण्याच्या एम-९ मध्ये. आयतं अन्न मिळत असल्यामुळे पेशी पाण्याचा धक्का सोसतात आणि सगळं स्वतः बनवण्याचा धक्का त्यांना दुसऱ्या दिवशी बसतो. आधी ५० मिलिलिटरवर करून बघा. रात्रभरात ओडी हललीच नाही, तरच पायऱ्यांकडे वळा.

निवड करताना खरं बघायचं ते किती टक्के ड्युटेरियम हवं हे. साधं ग्लुकोज आणि ९९.९ टक्के जड पाणी यांतून ढोबळमानाने ७० ते ८५ टक्के मिळतं. ९५ च्या वर जायचं तर ड्युटेरियमवालं ग्लुकोज लागतं, आणि तिथे बजेट ओरडतं. लहान कोनातल्या न्यूट्रॉन विकिरणासाठी, म्हणजे सॅन्ससाठी, गंमत वेगळी आहे. साधं प्रथिन सुमारे ४२ टक्के जड पाण्यात न्यूट्रॉनना पाण्याहून वेगळं दिसत नाही, म्हणजे अदृश्य होतं. ते १०० टक्के जड पाण्यात अदृश्य करायचं असेल तर ७५ टक्क्यांच्या आसपासचं ड्युटेरेशनच हवं असतं, त्यामुळे साधं ग्लुकोज पुरतं. न्यूट्रॉन क्रिस्टलोग्राफीत मात्र उरलेला प्रत्येक हायड्रोजन पार्श्वभूमीचा गोंगाट वाढवतो. हायड्रोजनचा असंबद्ध विकिरण छेद (या गोंगाटाचं माप) ८० बार्न, ड्युटेरियमचा २. मोठे स्फटिक लागतात, भरपूर प्रथिन लागतं, पुन्हा पुन्हा लागतं. तिथे पायऱ्या चढून केलेला स्टॉक आणि फर्मेंटर यांचे कष्ट वसूल होतात. मेथिल गटांवरच्या एनएमआरसाठी थेट मार्ग पुरतो, फक्त मेथिल गटांचा कच्चा माल, म्हणजे अल्फा-कीटोब्युटिरेट आणि अल्फा-कीटोआयसोव्हॅलेरेट, इंडक्शनच्या तासभर आधी घाला.

कुठलाही मार्ग घेतला तरी जड पाणी ऑटोक्लेव्ह करू नका, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळा. बाटली उघडी ठेवली तर ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पावसाळ्यात मुंबईतल्या लॅबमध्ये ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. क्षार निर्जल घ्या. सात पाणी असलेला डायसोडियम फॉस्फेट लिटरला १२.८ ग्रॅम टाकलात, तर त्यातूनच ६ ग्रॅम साधं पाणी आत येतं आणि ९९.९ चे ९९.३ होतात. पीएच मीटरच्या आकड्यात ०.४ मिळवा, तो पीडी (जड पाण्यातला पीएच). वापरलेलं जड पाणी सिंकमध्ये ओतू नका. वेगळ्या बाटलीत साठवा, ऊर्ध्वपातन करून ते सवयीच्या पहिल्या पायऱ्यांना चालतं. जड पाणी आपल्याकडे रायगडच्या थळमध्ये बनतं म्हणून ते फुकट आहे, असं खरेदी विभागाला सांगून बघा.

एका गोष्टीवर कुठलाही मार्ग उपाय नाही. जड पाण्यात घडी पडलेल्या प्रथिनाच्या अमाइडवरही (साखळीतल्या नायट्रोजनवरही) ड्युटेरियमच असतं. शुद्धीकरण साध्या बफरमध्ये केलं की पृष्ठभागावरचे अमाइड परत हायड्रोजन घेतात, गाभ्यातले घेत नाहीत, आणि एनएमआरमध्ये नेमकी गाभ्यातली शिखरं (सिग्नल) गायब होतात. प्रथिन उलगडून पुन्हा घडी घालता येतं का, हे साध्या नमुन्यावर आधीच तपासा. मॅग्नेटची वेळ घेण्याआधी मास स्पेक्ट्रोमीटरवर वस्तुमान मोजा. साध्या बफरमध्ये मोजत असाल तर हिशेबात अदलाबदल न होणारे हायड्रोजनच धरा, नाहीतर ८० टक्के ड्युटेरेशन कागदावर ६५ दिसेल आणि तुम्ही उगीच पुन्हा प्लेट ओतायला बसाल.