सागरी मार्गावर सहा दिवस: भाड्याने घेतलेल्या स्कॉर्पिओ-एनचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबा, आम्ही दोघे आणि दोन मुले अशा सहा जणांनी पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, तेथून हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण आणि परतीला सावंतवाडी, आंबोली, निपाणी असा प्रवास केला. सहा दिवसांत १,१४० किलोमीटर झाले. त्यासाठी स्वतः चालवण्याच्या अटीवर सहा आसनी, डिझेल, ऑटोमॅटिक स्कॉर्पिओ-एन भाड्याने घेतली होती. भाड्याची गाडी जोखताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, एक म्हणजे कारखान्यातून ती जशी बाहेर पडली ते रूप आणि दुसरी म्हणजे भाड्याने देणाऱ्याने तिची ठेवलेली निगा. आम्हाला पहिल्या बाबतीत समाधान मिळाले, दुसऱ्या बाबतीत मनस्ताप.

गाडी ताब्यात घेताना मी सर्वांत आधी नंबरप्लेट पाहिली. स्वतः चालवण्यासाठी अधिकृतपणे भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये, कारण अपघात झालाच तर विम्याचा दावा अडू शकतो. आमच्या गाडीची पाटी काळी होती, कागदपत्रे चोख होती, आणि चारही बाजूंच्या ओरखड्यांचे फोटो आम्ही दोघांनी मिळून काढले. इथवर तक्रारीला जागा नव्हती.

घाटात या गाडीचे इंजिन खरोखर मन जिंकते. २.२ लिटरचे हे डिझेल इंजिन वरच्या श्रेणीच्या ऑटोमॅटिक गाडीत १७५ पीएस शक्ती आणि ४०० एनएम टॉर्क (चाके फिरवणारा जोर) देते. सहा माणसे आणि सामान भरलेले असतानाही ताम्हिणीच्या चढावर ते कुठे दमल्यासारखे वाटले नाही. उतारावर मात्र गिअर स्वयंचलितवर सोडून केवळ ब्रेकवर विसंबू नये. मी हाताने दुसरा-तिसरा गिअर धरून उतरलो, त्यामुळे इंजिननेच वेग आवरून धरला आणि ब्रेक तापले नाहीत. शिडीसारख्या चौकटीवर बांधलेल्या गाड्या वळणावर बऱ्याच झुकतात, त्या मानाने ही पुष्कळ स्थिर राहते. आईला घाट लागतो, तरी तिने संपूर्ण प्रवासात एकदाही गाडी थांबवायला सांगितले नाही, याला मी मोठे प्रशस्तिपत्र समजतो.

केळशी ते आंजर्ले या पट्ट्यात गाडीच्या आकाराची खरी परीक्षा झाली. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मध्ये जेमतेम एका वाहनापुरता रस्ता आणि समोरून एसटी, अशा प्रसंगी १,९१७ मिलिमीटर रुंदीचा प्रत्येक मिलिमीटर जाणवतो. त्या वेळी उंच आसनाचा फार उपयोग झाला, कारण गडग्याच्या पलीकडचे वळण आणि त्यावरून येणारे वाहन आधीच दिसत होते. त्याच उंचीचा आईला मात्र त्रास होता. तिचे गुडघे दुखतात आणि पायरी असूनही तिला चढता येईना. हरिहरेश्वरला ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी निघताना एक जुना लाकडी पाट सोबत दिला. पुढे प्रत्येक थांब्यावर आधी पाट खाली ठेवायचा, आईने दाराच्या खांबावरची मूठ धरायची आणि मग चढायचे, असा क्रम ठरून गेला. वयस्कर माणसे सोबत असतील तर ही बाब बुकिंगआधीच विचारात घ्यावी.

सामानाचा प्रश्न याहून मोठा आहे. तिसरी रांग वापरली की मागे दोन लहान बॅगा कशाबशा मावतात, त्यामुळे आमच्या उरलेल्या पिशव्या मुलांच्या पायाशी गेल्या. शिवाय मागचे दार वर न उघडता बाजूला उघडते. बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा तीन फेरीबोटींवर गाड्या एकमेकींना अगदी खेटून लावतात. दाभोळच्या खाडीत मुलाला उलटी झाली तेव्हा मागच्या बॅगेतला टॉवेल काढायला दारच उघडेना आणि शेवटी आईच्या पदराने काम भागवावे लागले. चार माणसांसाठी ही गाडी उत्तम आहे. सहा जणांना सामानासह सहा दिवस हिंडायचे असेल, तर मी इनोव्हा सुचवेन.

आता निगेबद्दल. गुहागर सोडल्यावर समोरच्या पडद्यावर अ‍ॅडब्लू कमी असल्याची सूचना उमटली. बीएस-सहा या धूर-प्रदूषणाच्या मानकाच्या अनेक डिझेल गाड्यांत धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करण्यासाठी युरियाचे ३२.५ टक्के द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते, तेच हे अ‍ॅडब्लू. ही टाकी पूर्ण रिकामी झाली, तर एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होऊ दिले जात नाही. गाडी देताना याबद्दल अवाक्षर काढले गेले नव्हते. रत्नागिरीजवळच्या पंपावर दहा लिटरचा कॅन घेतला. शेजारी उभ्या असलेल्या एका ट्रकचालकाने, ‘युरिया टाकायचाय ना?’ असे विचारून स्वतःचे नरसाळे आणून दिले, एवढेच नव्हे तर डिझेलच्या तोंडात चुकूनही ओतू नका, असे बजावले. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच. आंबोलीत पहाटे धुके आणि भुरभुर असताना वायपरचे रबर झिजल्याचे लक्षात आले; काच पुसली जाण्याऐवजी तिच्यावर पट्टे उमटत होते. घाटात ही निव्वळ गैरसोय नसते, तो धोका असतो, म्हणून उजाडेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.

डिझेल साधारण ९६ लिटर लागले, म्हणजे लिटरला बारा किलोमीटरच्या आसपास. घाट, अरुंद रस्ते आणि भरलेली गाडी पाहता ते मला रास्त वाटते. गाडी परत देताना अ‍ॅडब्लूची पावती दाखवली, तेव्हा ‘इंधन ग्राहकाचे, त्यातच हे आले’ असे उत्तर मिळाले. ते मला मान्य नाही. आमच्या प्रवासात त्यातले फार तर एक-दोन लिटर खर्ची पडले असेल. उरलेले पुढच्या ग्राहकाच्या कामी येणार आहे. डिझेलची पातळी करारात लिहून घेतात, तशीच याचीही नोंद व्हायला हवी आणि वायपर, टायर, स्टेपनी ग्राहकासमोर तपासून त्याची सही घ्यायला हवी, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. अनामत तिसऱ्या दिवशी पूर्ण परत आली. अ‍ॅडब्लूचे पैसे अजून मिळालेले नाहीत.