‘स्कॅन_००४७’ म्हणजे माझी नोटीस: वकिलांच्या क्लायंट पोर्टलबद्दल

पाचपैकी तीन तारे. मागच्या वर्षी विचारलं असतंत तर एकच दिला असता, आणि तोही ऑफिसात पक्षकाराला चहा विचारतात म्हणून.

पुण्यातली वकिलांची फर्म आहे. नाव लिहीत नाही, कारण माझा दावा अजून त्यांच्याच हातात आहे आणि माणसं कामाला चोख आहेत. वकिलीबद्दल माझी तक्रार नाही. मी लिहितेय ते त्यांच्या वेबसाईटवरच्या ‘क्लायंट पोर्टल’बद्दल. आपापल्या केसचे कागद पक्षकाराने तिथे जाऊन बघायचे, उतरवून घ्यायचे. ‘आता फाईल घेऊन यायची गरज नाही’ असा मेसेजच आला होता मला.

आधी माझं सांगते, म्हणजे मी एवढी खुसपटं का काढते ते कळेल. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यातली शेवटची अकरा वर्षं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गेली. रुमालात बांधलेली दप्तरं, गाववार फळ्या, प्रत्येक रुमालाला चिठ्ठी. ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क-१’ दहा, ‘क’ पाच, ‘ड’ एक वर्ष. दिवे गेले तरी कुठल्या गावचा फेरफार कुठल्या फळीवर आहे ते हाताला कळायचं. आमच्याकडे झुरळं होती, कसर होती, गळकं छप्पर होतं. पण सापडत नाही असं सहसा झालं नाही. माणसाने खिडकीवर येऊन ‘बाई, आमच्या आज्याच्या नावावरून बापाच्या नावावर जमीन झाली तो कागद’ एवढंच सांगितलं तरी आम्ही शोधायचो. फेरफार नंबर त्याने आणावा असा हट्ट नव्हता.

तर दावा. सातारा जिल्ह्यातली वडिलार्जित जमीन, वाटप आणि स्वतंत्र ताबा मागितलाय. वडील १९९८ साली गेले. वारस नोंदीत भावाचं नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लागलं आणि आम्ही दोघी बहिणी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त गेलो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने मुलींना वडिलार्जित जमिनीत हक्क मिळाला खरा, पण वडील त्याच्या आधी वारलेले, तेव्हा तुम्हाला लागू नाही असंच जो तो सांगायचा. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. धाकटीने नाशिकहून फोन केला, ‘आक्का, आता टाकूच.’ टाकला.

आता वेबसाईट. उघडली की आधी एक चौकट समोर येते. या संस्थेने माझ्याकडे कामासाठी गळ घातलेली नाही, ही जाहिरात नाही, मी आपखुशीने माहिती बघतोय, वगैरे. खाली ‘मला मान्य आहे’. हे का, ते मला माहीत आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ मध्ये सवलत मिळाली ती वेबसाईटवर नाव, पत्ता, सनद, कामाचं क्षेत्र असली मोजकी माहिती देण्यापुरती. त्यामुळे सगळे वकील ही चौकट लावतात. पण मी पक्षकार आहे. वकीलपत्रावर सही केली, फी भरली, तीन वर्षं तारखांना येतेय, आणि तरी दर वेळी मला लिहून द्यावं लागतं की मला कुणी भरीस घातलेलं नाही. पक्षकारासाठी वेगळं दार ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

दार आहेच, पण ते सापडायला मला तीन दिवस लागले. कॉम्प्युटरवर पानाच्या अगदी तळाशी, ‘करिअर’ आणि ‘गोपनीयता धोरण’ यांच्या मध्ये, करड्या रंगात ‘क्लायंट लॉगिन’. फोनवर तेही नाही. वर कोपऱ्यात तीन रेघा आहेत, त्या दाबल्या की यादी उघडते, त्यात शेवटचं. मुख्य पानावर मात्र भागीदारांचे कोट घातलेले मोठाले फोटो. ज्याला वकील नेमायचाय तो एकदा येणार. ज्याचा दावा चालू आहे तो दर तारखेआधी येणार. जागा कुणाला जास्त हवी?

आत गेले. त्रेसष्ट फायली, एकाखाली एक. नावं अशी: स्कॅन_००१२, स्कॅन_००१३, डॉक_फायनल, डॉक_फायनल_२, न्यू डॉक्युमेंट, मग थेट स्कॅन_००४७. शेजारी तारीख, पण ती कागदाची नव्हे, चढवल्याची. सगळे कागद एका शनिवारी बसून चढवलेले, म्हणून त्रेसष्टच्या त्रेसष्ट फायलींवर एकच तारीख. १९७१चं खरेदीखत आणि गेल्या महिन्यातलं शपथपत्र एकाच दिवशी जन्मलेले.

शोधायची पट्टी होती वर. ‘सातबारा’ टाकलं, काही नाही. ‘७/१२’ टाकलं, काही नाही. नंतर कळलं की फाईलच्या नावात ती तिरपी रेघ कॉम्प्युटर घेतच नाही, म्हणून ज्युनिअर पोरांपैकी एकाने ‘७-१२’ लिहिलं होतं, तेही इंग्रजी आकड्यांत, दुसऱ्याने इंग्रजीत ‘सातबारा’ आणि तिसऱ्याने ‘सेव्हन ट्वेल्व्ह एक्स्ट्रॅक्ट’. एकाच गटाचे तीन उतारे तीन नावांनी. आणि कागदाच्या आतला मजकूर शोधात येत नाही, कारण स्कॅन म्हणजे नुसता फोटो. त्यात आमचा १९९८चा फेरफार तलाठ्याच्या हातचा. तो मला वाचता येतो ते नोकरी केली म्हणून. यंत्राकडून ती अपेक्षाच नाही. म्हणूनच तर नाव नीट द्यायचं असतं ना.

खरा प्रसंग घडला तो कोर्टाच्या व्हरांड्यात. माझी उलटतपासणी होती. त्याआधी ज्युनिअर मुलगी धावत आली, ‘काकू, ती भावाच्या सहीची नोटीस कुठली हो? पोर्टलवर आहे म्हणाले सर.’ आमच्या दाव्यातला कळीचा कागद तो. वारस नोंदीच्या वेळी माझ्या नावाने निघालेली नोटीस, आणि ती मिळाल्याची सही भावाची. मी सासरी, मला पत्ताच नाही. ती तिच्या फोनवर, मी माझ्या फोनवर, दोघी स्कॅन_००१२ पासून एकेक उघडतोय. व्हरांड्यात रेंज दोन काड्या. प्रत्येक फाईल फिरत बसायची. मध्येच पोर्टलने मला बाहेर काढलं, पुन्हा ओटीपी, आणि हो, पुन्हा ‘मला कुणी गळ घातलेली नाही’. तेवढ्यात पुकारा झाला.

कापडी पिशवीत झेरॉक्स होती म्हणून निभावलं. फाईल घेऊन यायची गरज नाही म्हणाले होते, मी आणली होती. नोटीस निघाली स्कॅन_००४७ मध्ये, तीही पान सातवर, वीजबिलाच्या मागे.

घरी आल्यावर चार पानी पत्र लिहिलं. नोकरीची सवय, तोंडी तक्रारीला जावक क्रमांक नसतो. त्यात मुख्य म्हणणं एकच. त्या नोटिशीला तीन नावं आहेत. कोर्टात ती निशाणी क्रमांकाने ओळखतात. तिथे प्रत्येक कागद ‘निशाणी’ असतो, निशाणी ५चा अर्ज म्हटलं की तात्पुरती मनाई, हे शिपायालासुद्धा ठाऊक. वकिलांच्या ऑफिसात ती त्यांच्या मॅटर नंबरखाली, म्हणजे केसला त्यांनी दिलेल्या नंबराखाली, असते. आणि माझ्यासाठी ती ‘भावाने माझ्या जागी सही केली तो कागद’. पोर्टलवर यातलं एकही नाव नव्हतं. होतं ते स्कॅनरने ठेवलेलं नाव. बारशाला आत्या सोडून मशीनला बोलावलं तर असंच होणार.

दुसरं म्हणणं जुन्या रेकॉर्ड कीपरचं. कागद स्कॅन केला, ठीक. पण हा स्कॅन मुळाचा, सही-शिक्क्याच्या नकलेचा की झेरॉक्सचा? आणि मूळ आता आहे कुठे: माझ्याकडे, ऑफिसात की कोर्टात दाखल? आमच्याकडे दप्तरातून कागद बाहेर गेला की त्या जागी चिठ्ठी राहायची, कुणी नेला, कधी नेला. १९७१च्या खरेदीखताचं मूळ मी त्यांना दिलं का, यावर आमचा अर्धा तास गेला होता एकदा. (दिलं होतं. माझ्या वहीत त्यांच्या कारकुनाची सही आहे.)

पत्राचं उत्तर पंधरा दिवस आलं नाही. मग त्याच ज्युनिअर मुलीचा फोन. ‘काकू, सर म्हणाले तुम्हीच नावं सांगा.’ दोन दुपारी बसलो फोनवर. मी सांगत गेले, ती टाईप करत गेली. ‘१९९८ वारस नोंद फेरफार’, ‘१९९८ नोटीस, भावाची सही’, ‘२०२१ दावा, निशाणी १’, ‘भावाची कैफियत’ (दाव्याला त्याचं लेखी उत्तर). वर्ष आधी, मग कागद, मग ओळखीची खूण. वीजबिलं आणि इतर किरकोळ कागद वेगळ्या कप्प्यात. सातबारा, आठ अ आणि फेरफार एका कप्प्यात, कोर्टात दाखल झालेलं दुसऱ्यात, न्यायालयाचे हुकूम तिसऱ्यात. तिने डोकं लढवून शोधासाठी तिन्ही नावं जोडली, त्यामुळे आता ‘सातबारा’ लिहा, ‘७/१२’ लिहा, मराठी आकड्यांत लिहा की इंग्रजी, उतारा येतो. मुळाचा रकानाही केला. माझ्या खरेदीखतासमोर आता ‘मूळ: ऑफिस, कपाट २’ दिसतं. ते वाचून मला खरंच बरं वाटलं. हे सगळं नंतर बाकीच्या पक्षकारांनाही लागू केलं असं ऐकते.

तुलनेला म्हणून सांगते, न्यायालयाचं ई-कोर्ट्स अ‍ॅप फुकट आहे. आपल्या केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक टाकायचा, शेवटचे चार आकडे वर्षाचे, की पुढची तारीख आणि चढवलेले हुकूम दिसतात. क्रमांक हरवला तर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. पण ते कुणालाही दिसतं, आणि तुमचे पुराव्याचे कागद तिथे नसतात. शिवाय हुकूम तिथे आधी येतो आणि आमच्या पोर्टलवर चार-पाच दिवसांनी, हे मी दोनदा पाहिलं. फी घेणाऱ्याने मागे पडू नये.

दहा मिनिटांत आपोआप बाहेर काढतात त्याबद्दल बरेच जण कुरकुरतात. मी आता नाही कुरकुरत. पूर्वी हेच कागद व्हॉट्सअ‍ॅपवर यायचे. फोन बदलला आणि निम्म्या फायली उघडेनात. आणि एकदा धाकटीने कैफियतीवरचं आमचं उत्तर चुकून ‘माहेर’ ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपवर भाऊ आहे. पक्षकार आणि वकील यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवणं वकिलावर कायद्याने बंधनकारक आहे, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १२६, जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमातलं १३२. पण बहिणीच्या अंगठ्याला कुठलं कलम लावणार? पोर्टलवरून निदान असं पुढे ढकलता येत नाही.

दोन तारे कापले त्याची कारणं. लॉगिन एकाच मोबाईल नंबरला आहे. दावा दोघींचा, वकीलपत्रावर सह्या दोघींच्या, पण ओटीपी माझ्याच फोनवर. नाशिकला तिने कागद उघडायचा म्हणजे मी पुण्यात जागं असायला हवं. तीन वेळा सांगितलं, ‘बघतो’ म्हणाले. दुसरं, ती चौकट आणि ते तळाचं करडं दार अजून तिथेच आहेत.

तुमचाही दावा तिथे असेल तर लॉगिनचं पान एकदा सापडलं की फोनच्या होम स्क्रीनवर ठेवून द्या, वरून खाली हिंडावं लागत नाही. आणि नावं बदलली ती फक्त यादीत. फाईल उतरवून घेतली की ती फोनमध्ये अजून ‘स्कॅन_००४७’ म्हणूनच येते, तेव्हा उतरवल्या उतरवल्या नाव बदलून ठेवा.