विश्वासाचं गणित: बॅन लॉजिक की सब्जेक्टिव्ह लॉजिक?

कोणी कोणावर विश्वास ठेवायचा, हे नेमकेपणाने मांडणाऱ्या या दोन तर्कपद्धती. बरोज, अबादी, नीडहॅम यांच्या बॅन लॉजिकमध्ये (१९८९) विश्वासाला मधली छटा नाही. क्ष या विधानाबाबत ‘ब’चा शब्द प्रमाण, आणि ‘ब’ क्ष मानतो, हे दोन्ही ‘अ’ला मान्य असेल तर ‘अ’ने क्ष मानायचंच. लॉगिनचे प्रोटोकॉल (ओळख पटवताना संगणकांनी पाळायचे संदेशांचे नियम) तपासायला चोख. पण ‘ब’ लबाड निघाला तर? त्याचा प्रामाणिकपणा इथे गृहीतच.

योसांग यांच्या सब्जेक्टिव्ह लॉजिकमध्ये विश्वास, अविश्वास, अनिश्चितता यांची बेरीज १. आठ अनुभव चांगले, वाईट एकही नाही: नेहमीच्या सूत्राने विश्वास ८/(८+२), म्हणजे ०.८ (२ हा सूत्रातला ठरलेला आकडा). उरलेला ०.२ अविश्वास नव्हे, नुसतं ‘माहीत नाही’. मला हीच सोय मोलाची वाटते. ऐकीव शिफारशीला गुणाकार: माझा ‘ब’वर ०.८, त्याचा ‘क’वर ०.५, तर माझा ‘क’वर ०.४. फक्त दोन शिफारशी एकाच मूळ अनुभवावरून आल्या असतील, तर त्या एकत्र करताना तो अनुभव दोनदा मोजला जातो.