थनाकाचे खोड आणि सहाण : आठ महिन्यांच्या वापरानंतर

डिसेंबर २०१८ मध्ये आम्ही घरचे पाच जण म्यानमारमधील जुने बौद्ध मठ पाहून आलो, तेव्हा मंडालेच्या बाजारातून थनाकाचे वीतभर खोड आणि त्याची दगडी सहाण आणली. थनाका म्हणजे तिथले एक झाड, ज्याची साल पाण्यात उगाळून तो लेप चेहऱ्याला लावतात. गेले आठ महिने दोन्ही रोजच्या वापरात आहेत.

आम्ही रत्नागिरीकर, ब्रह्मदेशातून (आताच्या म्यानमारमधून) हद्दपार होऊन इथे राहिलेल्या थिबा राजाचा राजवाडा लहानपणापासून पाहत आलेले. त्यामुळे तिथे पहिला मान मंडालेच्या श्वेनानडॉ मठाचा होता. मिंडॉन राजाने ज्या सागवानी वास्तूत देह ठेवला, तीच त्याचा मुलगा थिबा याने उतरवून कोटाबाहेर मठ म्हणून उभारली, आणि म्हणूनच १९४५ मध्ये मंडालेचा राजवाडा जळाला तरी ती वाचली. थनाका मात्र खरा नजरेत भरला तो मंडालेजवळच्या इनवा येथील बागाया मठात. २६७ सागवानी खांबांच्या त्या अंधाऱ्या, गार वास्तूत मुले मोठ्याने पाठ म्हणत होती आणि त्यांच्या गालांवर पिवळसर लेप होता. एका मुलीच्या गालावर तर पान काढलेले होते, शिरांसकट. बाहेर चहाच्या टपरीवरील बाई तोच लेप उगाळत होत्या. आईने शेजारी बसून खोड हाती घेतले आणि चंदन उगाळणाऱ्या तिच्या सरावलेल्या हाताला काही शिकवावे लागले नाही.

सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून खोड सालीच्या बाजूने गोल उगाळायचे. कडेच्या पन्हळीत जास्तीचे पाणी निथळते. वास चंदनापेक्षा मंद आहे. मे महिन्याच्या उन्हात आईच्या गालांची आग या लेपाने खरोखर कमी झाली, परंतु जाड थापल्यास त्वचा कोरडी पडून ओढल्यासारखी होते. सोबत आणलेली तयार लेपाची डबी मात्र वाया गेली. तिला भडक अत्तराचा वास होता आणि माझ्या मुलीच्या मानेवर त्याने पुरळ उठले. घ्यायचे तर खोडच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोकणातल्या दमट हवेत ते सांभाळणे सोपे नाही. जुलैत सालीवर पांढरी बुरशी धरली, तेव्हापासून ते सुती फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते. देवघरातली सहाण यासाठी वापरायला आईने पहिल्याच दिवशी मनाई केली, त्यामुळे ती जड सहाण सामानातून वाहून आणल्याचे सार्थक झाले. साल आता एका बाजूने निम्मी झिजली आहे. दुसरी बाजू अजून कोरी आहे.