कराड-पाटण रस्त्यावरची रोपवाटिका: रायवळ घ्यायचा तर इथूनच

हापूस-केशरची कलमं कुठेही मिळतात. या रोपवाटिकेत जायचं ते रायवळ, म्हणजे बाठ्यापासून उगवलेल्या गावठी आंब्यासाठी. पाटणच्या आमच्या रानात बांधावर लावायला रोपं हवी होती. इथे प्रत्येक पिशवीला पत्र्याची पट्टी बांधलेली आहे आणि तिच्यावर खिळ्याने कोरलंय: ‘मोरगिरी, ओढ्याकाठ, झाड २, बिटकी’. म्हणजे बाठा कुठल्या झाडाचा (बिटकी हा रायवळाचाच एक प्रकार), ते रोपासोबतच घरी येतं. शाईची चिठ्ठी पहिल्या पावसात पुसते, ही पट्टी टिकते.

मी एकाच झाडाची रोपं मागितली, तर रोपवाटिकेच्या काकांनी दिली नाहीत. म्हणाले, “ताई, मग तुमच्या बांधावर नुसती भावंडंच होतील. पाच गावची घ्या.”

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून या वाक्याची किंमत मला कळते. कलम म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब नक्कल. बागेत हजार हापूस असले तरी जनुकं एकाच झाडाची. रायवळच्या बाठ्यातून मात्र दरवेळी नवीन झाड उगवतं. हापूसच्या कलमालाही खाली मुळांचा भाग, म्हणजे खुंट, रायवळाचाच लागतो.

वर्गात मी अमेरिकन चेस्टनट या झाडाचं उदाहरण देते. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात त्याच्या खोडांवर आशियातून आलेली बुरशी दिसली आणि पुढच्या पन्नासएक वर्षांत अब्जावधी झाडं गेली. चिनी चेस्टनट त्या बुरशीच्या सहवासातच वाढलेला, म्हणून तो तग धरतो. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन चेस्टनट फाउंडेशनने दोघांचा संकर घेऊन तो पिढ्यान् पिढ्या अमेरिकन झाडाशीच जुळवत नेला. प्रतिकारशक्ती दोन-तीन जनुकांत असेल असा अंदाज होता. ती अनेक जनुकांत विखुरलेली निघाली आणि काम लांबलं. त्यातही आई म्हणून त्या त्या राज्यातली, जुन्या बुंध्यातून पुन्हा फुटलेली झाडं शोधावी लागली, नाहीतर तिथल्या थंडी-पावसाची सवय हरवली असती. आपल्याकडे वेंगुर्ल्यात नीलम आणि हापूसपासून १९८१ मध्ये रत्ना आला, रत्ना पुन्हा हापूसशी जुळवून १९९२ मध्ये सिंधू. असे संकर करायला आधी निरनिराळी झाडं जिवंत असावी लागतात, आणि आपल्या ओढ्याकाठचे रायवळ तर रस्ता रुंद करताना सर्रास तुटतायत. म्हणून ती पट्टी मला फार मोलाची वाटते.

आता उणं. पिशव्या लहान आहेत. दोन वर्षांचं एक रोप मी पिशवी फाडून पाहिलं, तर सोटमूळ तळाशी गोल वळून बसलं होतं. असं झाड वाऱ्यात पुढे दगा देतं. म्हणून उंच रोपाला भुलू नका, यंदाचंच घ्या. फणसाची रोपं मला किडकिडीत वाटली, घेतली नाहीत. रायवळ साठ रुपयांना, कलमाच्या निम्म्याहून कमी. तिथे रेंज नसते, रोख न्या.

‘शेपू’ या रायवळ आंब्याची रोपं थोडीच असतात, आधी सांगून ठेवावं लागतं. तुमच्या घरच्या झाडाचे बाठे दिलेत तर काका तेही भरून देतात, फक्त झाड कुठलं ते नीट विचारून घेतात. बाठा वाळवून नेऊ नका. फळ खाल्लं की आठवडाभरात ओलसर गोणपाटात गुंडाळून पोचवा.