जुनं विमान घ्यायचंय? अख्खं वाईड-बॉडी, कापलेलं नाक, की सुटे भाग

समृद्धी महामार्ग झाल्यापासून जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या इंटरचेंजजवळ ज्यांची जमीन आहे, त्यांच्या डोक्यात काही ना काही शिजतंय. लॉन्स झाले, ढाबे झाले, आता विमानातलं हॉटेल काढायचं बऱ्याच जणांच्या मनात आहे. मी मूळचा परभणीकडचा, पोट मात्र विमान दुरुस्तीवर भरलं, त्यामुळं अशी विचारणा फिरून माझ्याकडंच येते. आमच्या मेव्हण्यानंही फोन केला, "दाजी, छोटं नको. एखादं जंबो मिळंल का बघा की." दुसरीकडं लातूर-नांदेडच्या कॉलेजांतले सर लोक विचारतात, पोरांना हात घालून शिकायला जुनं विमान कुठं मिळेल?

माझं मत आधीच सांगून टाकतो. हॉटेल काढणाऱ्यानं कापलेलं नाक आणि त्यामागचा थोडा भाग घ्यावा. कॉलेजनं विमान घेऊच नये, सुटे भाग घ्यावेत. अख्खं वाईड-बॉडी मराठवाड्यात आणायच्या भानगडीत कुणी पडू नये. हे असं का, ते कळायला ही मोठी विमानं नोकरी संपल्यावर जातात कुठं, हे आधी बघावं लागेल.

कोण माल वाहतं, कोण कटिंगला जातं

वाईड-बॉडी, म्हणजे आत दोन वाटा असलेलं, बोइंगचं ७४७, ७७७ किंवा एअरबसचं ए३३० अशा जातीचं विमान, प्रवासी सेवेतून निघालं की लगेच तोडत नाहीत. आधी ते कोरड्या मुलखात उभं राहतं. कॅलिफोर्नियातलं व्हिक्टरव्हिल, स्पेनमधलं तेरुएल, ऑस्ट्रेलियातलं ॲलिस स्प्रिंग्स ही त्यासाठी नावाजलेली ठिकाणं. हवा कोरडी असली की गंज हळू धरतो. इंजिनांची तोंडं झाकतात, सेन्सरच्या नळ्या बंद करतात, चाकं ठरावीक दिवसांनी फिरवतात, नसता टायर एका बाजूनं बसतात. जागेचं भाडं मात्र रोज चढत राहतं, म्हणून मालकाला कधी ना कधी ठरवावंच लागतं.

पंधरा-वीस वर्षं झालेलं, पण हाडापेरानं चांगलं असलेलं विमान मालवाहू करतात. डाव्या कुशीला मोठा दरवाजा कापायचा, विमानाच्या फरशीखालच्या तुळया मजबूत करायच्या, खिडक्या बुजवायच्या, आणि वैमानिकाच्या पाठीमागं माल पुढं घसरू नये म्हणून भक्कम अडसर बसवायचा. असा बदललेला ए३३०-३०० साधारण ६० टन माल उचलतो. ७६७ आणि ए३३० यांचं नशीब या बाबतीत चांगलं.

ए३८० चं तसं झालं नाही. २००७ साली सिंगापूर एअरलाइन्सनं सगळ्यात आधी सेवेत घेतलेली ही विमानं दहा वर्षांनी भाडेकरार संपून परत गेली, आणि त्यांतली दोन फ्रान्समधल्या तार्ब इथं सुटी करावी लागली. विमानात खोट काहीच नव्हती. चार इंजिनांचं इंधन परवडत नाही, एवढ्या सीटा भरणाऱ्या कंपन्या मोजक्या, दुसऱ्या कंपनीसाठी आतली मांडणी बदलायची तर खर्च अफाट, आणि मालवाहू करायची सोय कुणी तयार केलेली नाही. दहा-बारा वर्षांचं जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान असं कटिंगला गेलं. जुनं विमान म्हणजे पन्नास वर्षांचं खटारं असेल, असं धरून चालू नका.

एअर इंडियाचं ७४७-४०० तर आपल्याकडच्या पुष्कळांनी बघितलेलं. २२ एप्रिल २०२४ ला त्यातलं एक मुंबईहून शेवटचं उडालं आणि जाताना पंख हलवून निरोप देऊन गेलं. मला तो व्हिडिओ अजून पुरता बघवत नाही. ते गेलं अमेरिकेला, जुनी विमानं आणि सुटे भाग विकणाऱ्या कंपनीकडं. मेव्हण्याला मी हेच सांगितलं. भारतात उडणाऱ्या वाईड-बॉडींपैकी बरीचशी भाड्याची असतात, मुदत संपली की परदेशी मालकाकडं जातात. कंपनीच्या मालकीची असली तरी चांगला भाव बाहेरच मिळतो. इथं भंगारात निघालेलं जंबो तुमच्या हाती लागणं म्हणजे योगायोगच.

भाव कशाचा असतो

कटिंगला आलेल्या विमानात सगळ्यात जास्त भाव इंजिनांना. त्यांच्यात अजून उड्डाणं शिल्लक असतील, तर ती दुसऱ्या विमानावर चढतात. त्यानंतर लँडिंग गिअर म्हणजे चाकं आणि त्यांचे पाय, शेपटीतलं छोटं सहायक इंजिन म्हणजे एपीयू, कॉकपिटमधले संगणक, हायड्रॉलिक पंप. एका वाईड-बॉडीतून असे हजारभर भाग निघतात आणि ते काढायला कित्येक आठवडे लागतात. राहिलेला सांगाडा एक्स्कॅव्हेटरच्या जबड्यानं तोडायला थोडे दिवस पुरतात.

इथं एक गोष्ट जवळून बघा. काढलेल्या पंपाला एक टॅग बांधलेला असतो. त्यावर पार्ट नंबर, सिरियल नंबर, कोणत्या विमानातून निघाला, किती तास चालला, किती वेळा उडाला आणि उतरला, आणि काढताना चालू होता की बिघडलेला. त्या टॅगमागं कारखान्यातून बाहेर पडल्यापासूनची सगळी कागदपत्रं लागतात. इंजिनातल्या फिरत्या चकत्यांना तर ठरलेलं आयुष्य असतं, आणि मधला एका वर्षाचा कागद गहाळ झाला तरी धडधाकट चकती भंगार धरली जाते. २०२३ मध्ये लंडनमधल्या एका पुरवठादारानं इंजिनांचे भाग खोट्या प्रमाणपत्रांवर विकल्याचं उघड झालं, तेव्हा जगभरच्या विमान कंपन्यांना इंजिनं उघडून तपासावी लागली होती.

भंगारात जाणारा धातूही सरळ नसतो. जालन्याच्या भट्ट्या लोखंडाच्या भंगारावर चालतात, म्हणून तिकडच्या एका व्यापाऱ्यानं मला विचारलं होतं की विमान वितळवून परवडेल का. विमानाचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमचा, पण एका भागात तांबं मिसळलेलं, दुसऱ्यात जस्त. वेगळं न करता एकत्र वितळवलं तर हलक्या प्रतीचं ओतकाम निघतं. गिअरचं पोलाद, इंजिनातलं टायटॅनियम आणि निकेल वेगळंच. एअरबसनं तार्बमध्ये एक ए३०० पद्धतशीर सुटं करून दाखवलं, तेव्हा वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंत माल परत वापरात येतो असं दिसलं, पण ते वर्गवारी काटेकोर केल्यामुळं. नव्या ७८७ चं निम्मं वजन कार्बन कॉम्पोझिटचं, म्हणजे राळेत बसवलेल्या कार्बनच्या धाग्यांचं आहे. ते वितळतच नाही.

अपघातातलं स्वस्त मिळतंय, घेऊ का?

हा प्रश्न हमखास येतो. मार बसलेल्या विमानाचं काय करायचं, हे आधी विमा ठरवतो. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेजवळ गेला की विमान मोडीत. जुन्याला थोडा मार बसला तरी ते संपतं, नवीन असेल तर मोठा मारही दुरुस्त होतो. ४ नोव्हेंबर २०१० ला क्वांटासच्या ए३८० चं इंजिन सिंगापूरहून निघाल्यावर फुटलं, तुकडे पंखातून आरपार गेले. तरी जवळपास १४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून ते उभं केलं आणि २०१२ मध्ये परत उडवलं. उलट जानेवारी २००८ मध्ये हीथ्रोच्या धावपट्टीअलीकडं आपटलेलं ब्रिटिश एअरवेजचं ७७७ जेमतेम सात वर्षांचं होतं, पण गिअर मुळातून उखडला होता. ते तोडलं.

दुरुस्तीबद्दल माझ्या मनात कायमची धास्ती आहे, आणि ती असायलाच हवी. २ जून १९७८ ला जपान एअरलाइन्सच्या ७४७ ची शेपटी ओसाकाला उतरताना जमिनीवर घासली. मागच्या दाब-भिंतीची, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब धरून ठेवणाऱ्या भिंतीची दुरुस्ती करताना जोडपट्टी अखंड बसवायच्या ऐवजी दोन तुकड्यांत बसली, त्यामुळं रिव्हेटांच्या एकाच ओळीवर सगळा भार आला. विमान सात वर्षं उडत राहिलं. १२ ऑगस्ट १९८५ ला ती भिंत फुटली आणि ५२० माणसं गेली. चायना एअरलाइन्सच्या ७४७ नं १९८० मध्ये अशीच शेपटी घासली होती. ओरखडे न काढता वरून ठिगळ मारलं, तडा आतल्या आत २२ वर्षं वाढत गेला, आणि मे २००२ मध्ये विमान हवेतच तुटून २२५ जण गेले.

म्हणून सुट्या भागांच्या बाजारात विकणाऱ्याकडून, हे विमान कुठल्याही अपघातात नव्हतं, असं लेखी घेतात. ते नसेल तर भाग उडत्या विमानासाठी सहसा कुणी घेत नाही, आणि अपघातातला सांगाडा स्वस्त मिळतो तो यामुळंच. कॉलेजला भिंतीवर टांगून दाखवायला त्यातला एखादा भाग चालेल. आगीतलं मात्र नको. जळलेल्या कॉम्पोझिटची बारीक कुसं फुप्फुसात जातात. आणि ज्यात माणसं गेली त्या विमानात बसवून लोकांना जेवू घालणं, मला विचाराल तर पाप आहे.

अख्खं आणायचं तर काय काय आडवं येतं

परदेशात हे झालंय. स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळाजवळ १९७६ च्या ७४७ मध्ये २००९ साली राहायचं हॉटेल सुरू झालं. नेदरलँड्समध्ये केएलएमचं ७४७ फेब्रुवारी २०१९ मध्ये विमानतळावरून एका हॉटेलच्या आवारात नेलं. अंतर साडेबारा किलोमीटर, लागले पाच दिवस, वजन दीडशे टन, वाटेत मोठा महामार्ग बंद ठेवून आणि शेतातले चर बुजवून. या दोन्ही गोष्टी विमानतळाच्या उशाशी घडल्यात, हे लक्षात घ्या.

आता आपला हिशेब. आपल्या हायवेवरच्या पुलांखाली साडेपाच मीटर उंची सोडायची रीत आहे. ७६७ हे वाईड-बॉडींमधलं सगळ्यात बारकं, त्याचं धडच ५.४ मीटर उंच. ए३३० चं ५.६४. लो-बेड ट्रेलरची उंची त्यात धरा, म्हणजे पंख आणि शेपूट काढूनही धड पुलाखालून जाणार नाही. ए३२० सारखं छोटं विमान कागदावर जेमतेम बसतं, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये कोचीहून हैदराबादला हॉटेलसाठी निघालेलं विमान आंध्रात बापटला जिल्ह्यात पुलाखाली अडकलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईहून आसामला निघालेलं बिहारमध्ये मोतीहारीजवळ. नुसता ओडीसी, म्हणजे मापाबाहेरचा माल रस्त्यानं न्यायचा परवाना काढून उपयोग नाही. आधी कुणीतरी पट्टी घेऊन अख्खा रस्ता फिरला पाहिजे.

उडवत चिकलठाण्याला आणून तिथं तोडायचं, असंही एकानं सुचवलं. उडण्याच्या लायकीचं विमान तुम्हाला भंगाराच्या भावात कोण देईल? आणि विमानतळावर पडून राहिलेल्या विमानाचं काय होतं ते नागपूरला दिसलंय. १९९१ मध्ये तिथं उतरवावं लागलेलं एक बोइंग ७२० चोवीस वर्षं पडून होतं.

जमीनही बघा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सगळं वजन मोजक्या पायांवर येतं, त्यामुळं खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत पाया न्यावा लागेल. मग ऊन. विमानाच्या खिडक्या उघडत नाहीत. पत्रा दोन-अडीच मिलिमीटरचा, आत अस्तर. स्वीडनमध्ये गरम ठेवायचं असतं, आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत गार ठेवायचंय. लाईट बिल कसं येईल, ते एसीवाल्याला आधी विचारा.

नाक, ए३२०, की सुटे भाग

कॉकपिटपासून पहिल्या दरवाजामागंपर्यंतचा आठ-दहा मीटरचा तुकडा घेतला, तर फोटो काढायला लोक थांबतात ते त्याच्यापुढंच. उंच पत्र्याच्या शेडखाली तो बसवा, मागं साधं बांधकाम करून जेवायची जागा आणि स्वयंपाकघर तिथं ठेवा. आग लागली तर माणसं पटकन बाहेर पडली पाहिजेत, आणि विमानाच्या अरुंद वाटेत तंदूर ठेवून ते जमणार नाही. फायर एनओसीचा अधिकारीही हेच विचारेल. तुकडा ए३२० चा असेल तर आणायला सोपा. वाईड-बॉडीचाच हट्ट असेल तर तो आडवा कापून दोन खेपांत आणावा लागेल, आणि सांधणाराही नीट माहितगार लागेल.

अख्खा ए३२० घ्यावा का? जागा हायवेला लागून असेल, वाटेतले सगळे पूल मोजलेले असतील आणि भांडवल तीन-चार वर्षं अडकलं तरी चालणार असेल, तर घ्या. मी स्वतः घेणार नाही.

कॉलेजांना मात्र कळकळीनं सांगतो. रिकामं धड अंगणात ठेवून पोरं काही शिकत नाहीत, त्यात कबुतरं राहतात. त्या पैशात एक एपीयू, एक लँडिंग गिअर, कापून दाखवता येईल असं मुदत संपलेलं इंजिन, हायड्रॉलिक पंप आणि कॉकपिटचं एखादं पॅनल येईल. त्यावर नट उघडता येतो, मोजमाप घेता येतं, टॅग वाचायला शिकता येतं. डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची मान्यता असलेला अभ्यासक्रम चालवत असाल, तर त्यांच्या अटी आधी वाचा.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून एवढं लेखी घ्या: नोंदणी रद्द झाल्याचा कागद, मालकीची साखळी, अपघाताचा इतिहास, आणि विमानातून धोक्याचा माल काढलाय याची खात्री. ऑक्सिजनचे डबे, आग विझवायचा हॅलॉन, हायड्रॉलिक तेल, आणि सुरुवातीच्या ७४७ सारख्या फार जुन्या विमानांत तोल साधायला वापरलेली युरेनियमची वजनं. आतला हिरवट प्रायमर घासायला तर कुणालाच तोंडाला नुसता साधा रुमाल बांधून बसवू नका, त्यात क्रोमेट असतं आणि त्यानं कॅन्सर होतो. तुमच्याकडं हे काम करणारी पोरं रोजंदारीवरची असतील. त्यांना चांगला मास्क द्या, आणि काम ओलं करून घ्या.