ब्लू नोटच्या एलपी: जुनं ओरिजिनल घ्यावं की नवं प्रेसिंग?

ब्लू नोट या अमेरिकन जॅझ रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या, सॅक्सोफोनवादक हँक मोबलीच्या ‘सोल स्टेशन’ या एलपीच्या तीन प्रती काही काळ माझ्याकडे एकाच वेळी होत्या. एक साठच्या दशकातली अमेरिकन मोनो, एक जपानच्या किंग कंपनीची आणि एक ब्लू नोटच्या अलीकडच्या क्लासिक मालिकेतली. आता दोनच उरल्यात. कोणती गेली आणि का गेली ते सांगतो, कारण गेल्या वर्षभरात तीन-चार ओळखीच्यांनी मला हाच प्रश्न विचारला: जुन्या ओरिजिनलच्या, म्हणजे त्या काळीच दाबलेल्या प्रतीच्या, मागे लागावं, की नवी घेऊन मोकळं व्हावं? प्लेअर कुठला, ॲम्प्लिफायर कुठला, 180 ग्रॅमच्या जाड तबकडीने काय फरक पडतो, ही चर्चा इथे करत नाही. तुम्ही रेकॉर्ड लावता, त्यातलं बरंवाईट तुम्हाला कळतं, असं धरून चालतो.

मी 1999 साली न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. पुण्यात असताना जॅझ म्हणजे मित्राने भरून दिलेल्या कॅसेट, आणि त्यावर कलाकारांची नावंसुद्धा अर्धवट लिहिलेली. इथे आल्यावर पहिली काही वर्षं शनिवार सकाळ ठरलेली असायची. थर्मासमध्ये चहा घ्यायचा आणि गॅरेज सेलच्या पाट्या बघत फिरायचं. बर्गन काउंटीतल्या एका घरी वडिलांचं सामान काढायला बसलेल्या बाईंनी एका खोक्याकडे बोट दाखवून सांगितलं, ‘कुठलीही घ्या, एक डॉलर.’ त्या खोक्यात ब्लू नोटच्या सात एलपी होत्या. मी एक बाहेर काढली, उन्हात तिरकी धरली आणि लेबलाशेजारच्या कोऱ्या पट्टीवरून नजर फिरवली. कानाच्या पाळीसारखी ती बारीक वळलेली खूण दिसली आणि हात थरथरायला लागले.

ज्यांनी ती खूण शोधलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्लू नोटच्या तबकड्या तेव्हा न्यू जर्सीतल्या प्लास्टिलाइट कारखान्यात दाबल्या जायच्या आणि ही खूण त्या कारखान्याची. लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने ब्लू नोट विकत घेतली आणि 1966 मध्ये काम दुसरीकडे गेलं, तेव्हापासून ती दिसेनाशी झाली. तिच्याजवळच ‘आरव्हीजी’ हा शिक्का असतो, म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर, रेकॉर्डिंग करून तबकडी कोरणारा. हा माणूस दिवसा लोकांचे डोळे तपासायचा आणि संध्याकाळी हॅकेनसॅकमधल्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. 1959 मध्ये त्याने एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. ‘सोल स्टेशन’ तिथलंच, 7 फेब्रुवारी 1960 चं. मोबली लहानाचा मोठा झाला तो न्यू जर्सीतल्याच एलिझाबेथ शहरात, आणि ऑफिसला जाताना माझी गाडी रोज त्या स्टेशनावरून जायची. ज्या मुलखात हे वाजलं, कोरलं गेलं आणि दाबलं गेलं, तिथल्याच एखाद्या गॅरेजमध्ये ते आपल्या हाती लागावं, यात एक वेगळंच सुख होतं. जुन्या प्रतींच्या बाजूने बोलायचं तर माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, आणि तो आवाजाचा नाही.

ते सुख आता जवळजवळ संपलंय, हे मात्र सांगायलाच हवं. आज त्याच बाईंनी आधी फोन काढला असता. कुठली प्रत शेवटी कितीला विकली गेली हे डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या खरेदीविक्रीच्या वेबसाइटवर कुणालाही दिसतं. 2003 च्या आसपास दुकानात पंधरा-वीस डॉलरला मिळायच्या तसल्या प्रतींवर मला आता दीडशे-दोनशेचे स्टिकर दिसतात. कव्हर उसवलेलं असलं तरी स्टिकर तोच. 2020 मध्ये अमेरिकेत रेकॉर्डच्या विक्रीची रक्कम सीडीपेक्षा जास्त झाली, 1986 नंतर पहिल्यांदाच. घरी अडकून पडलेले कितीतरी लोक त्या सुमारास या छंदाकडे वळले. ते आले याचा मला आनंदच आहे. पण नव्या गिऱ्हाइकांसाठी नव्या रेकॉर्ड दाबता येतात, 1960 च्या नाही. आणि ब्लू नोट ही छोटी कंपनी, तेव्हाही तिच्या प्रती मुबलक नव्हत्या. मोबलीच्याच 1568 नंबरच्या एलपीला आज हजारो डॉलर मोजतात. मोबली स्वतः 1986 मध्ये गेला, शेवटची वर्षं हलाखीत काढून. ते आकडे वाचताना दर वेळी मला हे आठवतं आणि वाईट वाटतं.

पूर्वी रेकॉर्ड सापडायची, आता फक्त विकत मिळते. सापडलेल्या रेकॉर्डचं सगळं चालवून घेतलं जायचं. डॉलरभर दिलेल्या तबकडीची खरखर कुणाच्या मनाला लागते? विकत घेतलेलीचं तसं होत नाही, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

‘सोल स्टेशन’ची सगळ्यात पहिली प्रत, लेबलवर ‘47 वेस्ट 63’ हा पत्ता असलेली, माझ्या आवाक्यात कधीच नव्हती. चांगल्या स्थितीतली असेल तर ती हजार डॉलरच्या पुढे जाते. म्हणून 2014 मध्ये मी तिच्या नंतरची, ‘न्यूयॉर्क यूएसए’ लेबलची घेतली. मोनो, कानाची खूण असलेली, 280 डॉलरला, ऑनलाइन. विकणाऱ्याने स्थिती लिहिली होती व्हीजी प्लस, म्हणजे ‘खूप चांगली’च्याही वरची. आली तेव्हा खरंच देखणी होती. काळीभोर, झळझळीत, केसाएवढे दोन ओरखडे सोडले तर डाग नाही. कव्हरच्या मागे कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलने आपलं नाव लिहिलेलं. पहिली बाजू लावली. ड्रमर आर्ट ब्लेकीची झांज, आणि मग मोबलीचा सॅक्सोफोन दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध, माणूस समोर बसावा तसा. मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं आहे ‘इफ आय शुड लूज यू’. मला सगळ्यात आवडणारं. मोबली त्यात फार हळुवार सूर लावतो, पण मधूनमधून एखादी ओळ जोर देऊन वर नेतो. त्या प्रत्येक जोराच्या जागी आवाज फाटत होता. कटकट नाही, टिकटिक नाही. कागद फाटल्यासारखा एक चरचरीत काठ सुराला लागायचा आणि सूर खाली आला की जायचा. मला वाटलं सुईला धूळ लागली असेल. सुई पुसली, रेकॉर्ड धुतली, कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचा, कोन परत जुळवला. एका जाणकार मित्राच्या सांगण्यावरून मोनो कार्ट्रिज मागून आणून लावलं. त्याने वरवरची खरखर बरीच कमी झाली, फाटणं तसंच राहिलं. पहिली बाजू पुन्हा नीट ऐकली तेव्हा तिच्याही शेवटी तेच, थोडं कमी.

याचं कारण साधं आहे. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण वर्तुळ आत लहान होत जातं. सुरुवातीला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच जाते, लेबलापाशी जेमतेम 20-22. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. त्यात या रेकॉर्ड आपल्यासारख्यांनी जपून वापरलेल्या नव्हत्या. चांगल्या कार्ट्रिजचा भार आज दीड-दोन ग्रॅम असतो. तेव्हाच्या घरगुती प्लेअरचा पाच-सहा, कधी त्याहूनही जास्त. सुई उडते म्हणून लोक वर पाच सेंटचं नाणं चिकटवायचे, आणि ते नाणं बरोबर 5 ग्रॅमचं. त्यात सुई झिजलेली असली की आतल्या खाचांच्या भिंती सोलवटून निघायच्या. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. व्हीजी प्लस हा शेरा दिव्याखाली तबकडी तिरकी धरून दिलेला असतो, वाजवून नाही.

एखाद्या प्रतीचं असं होणं मी समजू शकतो. पण त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत घेतलेल्या नऊ जुन्या प्रतींपैकी पाचांच्या शेवटच्या गाण्याला कमी-अधिक हेच होतं. नऊ म्हणजे काही मोजमाप नव्हे, तुमचं नशीब माझ्यापेक्षा बरं असू शकतं. ओरखडा सहन होतो, दोन सेकंदांत मागे पडतो. पण गाणं सुरू व्हायच्या आधीच, आता पुढे काय होणार या धास्तीने खांदे आखडून बसायचं, हे मला जमेना. आवडतं गाणं येण्याआधी उठून सुई उचलायला लागलो, तेव्हा हे फार दिवस चालणार नाही हे माझं मला कळलं.

नवी प्रत आली ती या अवस्थेत. खरं सांगायचं तर फारशा अपेक्षेने घेतली नव्हती. तीस डॉलरच्या आत होती. मास्टरिंग इंजिनिअर केव्हिन ग्रे यांनी मूळ टेपवरून कोरलेली आणि जर्मनीत ऑप्टिमल कारखान्यात दाबलेली. ब्लू नोटचीच टोन पोएट मालिका 2019 मध्ये आली. तीही कोरतात ग्रेच, दाबली जाते कॅलिफोर्नियात, कव्हर उघडणारं आणि जाड, किंमत चाळीसच्या आसपास. माझ्याकडे दोन्ही मालिकांतल्या मिळून वीसेक एलपी आहेत. कव्हरचा फरक आहे, आवाजाचा मला तरी फारसा जाणवला नाही.

‘सोल स्टेशन’पुरतं बोलतो. पहिलं गाणं दोन्हींवर लागोपाठ ऐकलं तर जुन्या मोनोमध्ये एक दणका आहे, तो नव्या स्टिरिओत नाही. व्हॅन गेल्डरने ती त्या काळच्या प्लेअरसाठी कोरली, आवाज थोडा दाबून, मधला भाग पुढे आणून, आणि त्यामुळे सॅक्सोफोनला जे अंग येतं ते मोहात पाडणारं आहे. तीन मिनिटांत निवड करायची असती तर मी जुनी निवडली असती. नव्यात पॉल चेंबर्सचा बेस खालपर्यंत ऐकू येतो, प्रत्येक सूर सुटा. जुन्यात तो तिथे आहे एवढंच कळायचं. आणि मग दुसरी बाजू, शेवटचं गाणं. मोबली वर गेला, सूर भरला, गोल झाला, खाली आला. कुठे काही फाटलं नाही. मी ते गाणं त्या रात्री चार वेळा लावलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं असं वाटलं.

नव्यातही उणिवा आहेत. माझ्या एका प्रतीचं भोक बरोबर मधोमध नव्हतं, पियानोचा लांब सूर पोहल्यासारखा हलायचा. दुकानाने बदलून दिली. एक वाकडी आली होती. नव्या वस्तूला निदान परत करायची सोय असते, झिजलेल्या खाचेबद्दल तक्रार कुठे करणार? मी 280 डॉलरवाल्याला लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं की स्थिती बघून ठरवली आहे, वाजवून नाही. आणि जाहिरातीत तळाला बारीक अक्षरात तसं खरंच लिहिलेलं होतं.

जपानी प्रतींबद्दल थोडंच. किंगने 1977 पासून पुढची काही वर्षं ब्लू नोट जपानात काढली. तिथल्या लोकांनी त्या ज्या निगुतीने वापरल्यात त्याला तोड नाही. कागदी पट्टी, आतलं पत्रक, सगळं जागच्या जागी. माझी प्रत शेवटपर्यंत स्वच्छ वाजते. वरचा आवाज किंचित उजळ, खालचा किंचित हलका, पण जी शीर्षकं सध्या नव्याने छापलेली नाहीत त्यांच्यासाठी मी आधी जपानी प्रतच शोधतो. मात्र तिचेही भाव चढत चाललेत.

जुनी अमेरिकन प्रत मी 2022 मध्ये विकली. दोन्ही बाजूंची शेवटची गाणी फाटतात असं पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहिलं, म्हणून 190 डॉलर आले. त्यातून पाच नव्या घेतल्या. जाताना तिच्या कव्हरवरचं पेन्सिलीतलं नाव मात्र पुन्हा एकदा वाचलं. गॅरेजमधल्या त्या सातपैकी तीन मी ठेवल्यात आणि विकणार नाही. त्यातली एक शेवटी चांगलीच फाटते, पण ती त्या शनिवारची आहे.

तुमच्याकडे वेळ असेल, पैशाची फार ओढाताण नसेल आणि ती वस्तू हातात धरण्यातच तुमचा आनंद असेल, तर जुनी घ्यायला मी नको म्हणणार नाही. व्हॅन गेल्डरच्या मोनोसारखं दुसरं काही नाही, हे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फक्त एक करा. पैसे देण्याआधी विकणाऱ्याला विनंती करा की दोन्ही बाजूंची शेवटची दोन-दोन मिनिटं वाजवून फोनवर रेकॉर्ड करून पाठव. फोनच्या रेकॉर्डिंगमध्येसुद्धा ते फाटणं ऐकू येतं. त्याने टाळाटाळ केली, तर ते पैसे नव्या प्रतींवर घाला. त्यातली पहिली ‘सोल स्टेशन’ असू दे, आणि ती दुसऱ्या बाजूने सुरू करा.